वेकबोर्डच्या बोटीत वजन: पाणी की शिसं, किती आणि कुठे?

प्रश्न: आमची २१ फुटी व्ही-ड्राइव्ह बोट (इंजिन मागे, पंखा तळाखाली) आहे, लेक ट्रॅव्हिसवर चालवतो. मागे वजनासाठी पाण्याच्या दोन टाक्या (प्रत्येकी २५० पौंड) आणि मध्ये एक (४०० पौंड). मुलगा वेकबोर्डवर (बोटीमागे दोर धरून चालवायची फळी) आता बोटीच्या एका लाटेवरून थेट दुसऱ्या लाटेपलीकडे उडी मारू पाहतोय, त्याला मोठी लाट हवी आहे, म्हणून बोटीत वजन वाढवायचं आहे. मॅन्युअलमध्ये माणसं, सामान आणि भरलेलं पाणी धरून २,६०० पौंडांची मर्यादा दिली आहे. शिशाच्या पिशव्या घ्याव्यात की पाण्याच्या? (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर: पाण्याच्या. पण आधी हिशेब मांडा. टाक्यांचे ९०० गेले. पाच माणसांचे, सरासरी १७० धरून, ८५०. बर्फाची पेटी, जॅकेटं, बोर्ड यांचे १००. उरले ७५० पौंड, म्हणजे ९० गॅलन पाणी. बाजारात एकेक पिशवीच ७५० किंवा ११०० पौंडांची मिळते आणि मोह तिथेच होतो. मोठी घेऊन अर्धीच भरू म्हणाल, तर तेही नको. अर्धवट भरलेल्या पिशवीतलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि बोट आणखी कलते. पिशवी जागेला बसेल अशा मापाची घ्यावी, हवा काढून गच्च भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी ठेवावी.

तुमच्यासाठी साधारण २५० पौंडांच्या तीन पिशव्या पुरेत: मागच्या दोन्ही लॉकरमध्ये एकेक, तिसरी पुढच्या सीटखाली. मग मागे १,००० आणि मध्य-पुढे मिळून ६५० होतात, म्हणजे जवळपास ६०:४०. वेकबोर्डसाठी सुरुवात इथूनच करावी. सगळं वजन मागे टाकलं तर लाट उंच पण उभी होते, माथा फेसाळतो आणि बोट पाण्यावर उचलायला वेळ घेते. पुढे वाढवलं की चढ लांब आणि सौम्य होतो, उडी शिकणाऱ्याला तोच बरा. वेग २१ ते २३ मैल आणि दोर ६५ ते ७० फूट ठेवा. त्यानंतर वजन हलवण्याआधी माणसं हलवून पाहा. ड्रायव्हरच्या बाजूला बोट कलत असेल तर एकाला दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसवलं की दोन्ही बाजूंच्या लाटा सारख्या होतात. त्याला पैसे पडत नाहीत.

आता शिसं का नको ते. बोटीत पाणी शिरलंच, तर बुडालेल्या पिशवीतल्या पाण्याचं ओझं जवळजवळ शून्य होतं. शिसं मात्र जवळपास पूर्ण वजनानिशी बोटीला खाली ओढतं. शिवाय पाणी धक्क्यावर सोडून देता येतं, शिसं ट्रेलरवर तसंच राहतं आणि टायर-ब्रेकवर पडतं. शिशाची जागा एकच: जिथे पिशवी मावत नाही तिथे शेवटच्या ५०-१०० पौंडांची जुळवाजुळव. तेव्हाही वरून जाड आवरण असलेल्या, शिवण घट्ट असलेल्या पिशव्या घ्या आणि पट्ट्याने बांधा. शिवण उसवली तर छर्रे तळाशी जाऊन तिथलं पाणी उपसणारा बिल्ज पंप अडवतात.

लॉकरमध्ये पिशवी ठेवण्याआधी आत हात फिरवून पाहा. स्क्रूची टोकं बाहेर आलेली असतात आणि गच्च भरलेली पिशवी नेमकी त्यांच्यावर घासते. टोकांवर रबरी टोपी बसवा, खाली जुना गालिचा अंथरा.

वजन वाढल्यावर पूर्ण थ्रॉटलला आरपीएम इंजिनाच्या ठरलेल्या पट्ट्यात पोहोचत नसेल, तर कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढे ढकलणारा) पंखा लावा. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पडलेल्या बोर्डरला घ्यायला वळताना थ्रॉटल एकदम सोडू नका. मागून आपलीच लाट येते, पुढे भरलेली पिशवी आणि वर दोन मुलं बसलेली असली तर बोट नाक खुपसते आणि पाणी सरळ आत येतं. वेग हळूहळू उतरवा, आधी पुढच्यांना मागे बोलवा, मग वळा.

प्रश्न: १८ फुटी स्टर्नड्राइव्ह बोट आहे. प्लेटवर १,१०० पौंड लिहिलंय. मागे ११०० पौंडांची पिशवी टाकून वेकसर्फिंग करता येईल का? (एक वाचक, अटलांटा)

उत्तर: नाही, दोन कारणांनी. सर्फर बोटीच्या अगदी मागे, बहुधा दोर सोडून असतो. स्टर्नड्राइव्हचा पंखा बोटीच्या मागे उघडा असतो, त्यामुळे पडलेला माणूस त्याच्याजवळ जातो. वेकबोर्ड लांब दोरावर चालेल, सर्फिंग नाही. दुसरं म्हणजे २० फुटांखालच्या बोटींवर अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमाने लावलेली ही प्लेट म्हणजे एकूण भार, पिशवीचा कोटा नव्हे. चार मोठी माणसं ६८० आणि सामान ६० पौंड धरलं, तर ३६० उरतात. तेवढ्याच्या दोन पिशव्या करा, एक मागे आणि एक पुढे.

प्रश्न: पंप चालू असतो, पण पिशवी भरत नाही. भरलीच तर धावताना आपोआप रिकामी होते. (एक वाचक, डॅलस)

उत्तर: साधा एरेटर पंप स्वतः पाणी ओढून घेत नाही, तो पाण्याच्या पातळीखालीच हवा. नळीत हवा अडकली की नुसता गुणगुणतो. बोट क्षणभर रिव्हर्समध्ये घेतली की बहुतेकदा हवा निघून जाते. रबरी पात्यांचा पंप ओढतो आणि उलटाही फिरतो, पण पिशवी रिकामी झाल्यावर बंद केला नाही तर पाती जळतात.

आपोआप रिकामी होणं म्हणजे सायफन. नळी पिशवीच्या माथ्यापेक्षा वर चढवून तिथे हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवा. ओव्हरफ्लोची नळीही तितकीच उंच न्या, नाहीतर तिच्यातून पाणी उलट आत येईल.

तुम्ही टेक्सोमा तलावावर जात असाल तर आणखी एक. तिथे २००९ मध्ये बोटींतल्या पाण्याबरोबर दुसऱ्या तलावांत पसरणारे झेब्रा शिंपले सापडले आणि १ जुलै २०१४ पासून टेक्ससभर सार्वजनिक तलावातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं सक्तीचं आहे. पंप थांबला तरी पिशवीच्या तळाशी पाणी उरतंच. टोपणं काढून पिशवी गुंडाळत पिळून काढा आणि पुढच्या तलावाआधी उघडी वाळवा.