प्रतिजैविकातला ‘प्रति’

परळच्या एका वाचकाची शंका: “हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) नको म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिनची) कॅप्सूल दिली. मुलीच्या पुस्तकात अशा औषधाला ‘प्रतिजैविक’ म्हटलंय. प्रति म्हणजे नक्कल ना? मग सरळ ‘जंतुनाशक’ का म्हणू नये?”

शंका रास्त आहे. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला आपण प्रतिपंढरपूर म्हणतो, ते काही पंढरपूरच्या विरोधात नाही. दहावीच्या विज्ञानात डीएनएवरून आरएनए तयार होतो त्याला ‘प्रतिलेखन’ म्हणतात, तिथेही प्रति म्हणजे नक्कलच. पण प्रतिकार, प्रतिबंध, प्रतिपक्ष यांतला प्रति विरोधाचा. इंग्रज सरकारच्या विरोधात, पण सरकारसारखाच कारभार करणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात तर दोन्ही अर्थ सुखाने नांदले! प्रतिजैविकातला प्रति विरोधाचा, म्हणजे ग्रीक ‘अँटी’चा. मुळात एका सूक्ष्मजीवाने दुसऱ्याविरुद्ध तयार केलेलं रसायन, असा हा शब्द. १९४३ मध्ये हाती लागलेलं स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूंपासूनच मिळालं. ‘जैविक’ हे विशेषण असून इथे बिनदिक्कत नाम होऊन बसलंय, एवढं मात्र खरं.

आता ‘जंतुनाशक’. लादी पुसायच्या बादलीत आपण फिनेल टाकतो ते जंतुनाशक. ते पोटात घ्यायचं नसतं. शिवाय डॉक्सी जंतूंचा नाश करते असंही नाही, मुख्यतः त्यांची वाढ थोपवते. कशी, ते बघण्यासारखं आहे. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं जुळवायचे कारखाने असतात, रायबोझोम. त्यांचे दोन भाग, एक लहान, एक मोठा. डीएनएवरून उतरवलेला निरोप्या आरएनए लहान भागातून सरकतो आणि त्यावरच्या मजकुराप्रमाणे वाहक आरएनए एकेक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एकेक कडी, घेऊन ठरलेल्या जागी येऊन बसतात. डॉक्सी नेमकी त्या जागेवर रुमाल टाकून ठेवते. वाहक येतो, जागा अडलेली बघतो, परत जातो. साखळी पुढे वाढतच नाही. आपल्या पेशींतले रायबोझोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपलं काम चालू राहतं.

मग ‘जंतुरोधक’ म्हणावं का? तेही पुरत नाही. स्ट्रेप्टोमायसिन त्याच लहान भागाला चिकटतं, पण जागा अडवत नाही. ते वाचनात घोळ घालतं. भलतीच अमिनो आम्लं जोडली जाऊन बिघडलेली प्रथिनं बनतात आणि जिवाणू मरतो. एकाच कारखान्यात एक रोधक, एक नाशक. दोघांना पोटात घेणारा शब्द हवा, म्हणून मी तरी ‘प्रतिजैविक’च ठेवीन. बोलताना ‘अँटिबायोटिक’ म्हणा, कोणी हरकत घेणार नाही. केमिस्टकडे जाऊन प्रतिजैविक मागणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तुमचा नक्कलवाला अर्थही अगदीच वाया जात नाही बरं का. प्युरोमायसिन नावाचं एक प्रतिजैविक आहे. त्याची घडण अमिनो आम्ल धरून आलेल्या वाहक आरएनएच्या टोकासारखी. रायबोझोम फसतो, खरा वाहक समजून त्यालाच साखळीला जोडतो, आणि साखळी अर्धवट सुटून पडते. इथे प्रति दोन्ही अर्थांनी लागू. फक्त या तोतयाला आपले रायबोझोमही फसतात, त्यामुळे ते चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही, प्रयोगशाळेतच वापरतात.