साध्या यंत्रमागाच्या गिअर-लिव्हरमध्ये काय सुधारणा केल्या तर कापडातले पट्टे थांबतील?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मालेगावात तुमच्या वडिलांचे ८ साधे यंत्रमाग आहेत. कापडात आडवे पट्टे पडतात म्हणून व्यापारी तागे बाजूला काढून भाव पाडतो, रॅपिअर (धोट्याविना चालणारे आधुनिक माग) घेण्याइतके पैसे नाहीत, आणि धाकटा भाऊ मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. त्याच्या हातून गिअर-लिव्हरमध्ये काही सुधारणा होईल का, असं तुम्ही विचारलंय.

होईल. मी नाशिकला अंबडमध्ये गिअर कापायचं छोटं वर्कशॉप चालवतो. त्याआधी चार वर्षं मालेगावात एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली काढली आहेत, त्यामुळे तुमच्या वडिलांची अडचण मी जवळून पाहिलेली आहे. पण काही विकत घेण्याआधी फूटपट्टी घ्या आणि पट्ट्यांमधलं अंतर मोजा. कापड मागावर ताणलेलं असतानाच मोजा, कारण उतरवलं की ते आटतं.

हे मला माझ्या वस्तादांनी शिकवलं. एका मागावर पट्टा येत होता. मालक म्हणत होता सूत खराब आहे, विणकर म्हणत होता फणी खराब आहे. वस्तादांनी कापडावर खडूने खुणा केल्या, सहा पट्टे मोजले आणि म्हणाले, "तीन-तीन इंच. स्टडचा पिनियन काढ." पिनियन, म्हणजे लहान गिअर, काढून धुतला तर एका दाताच्या मुळाशी तडा होता.

यात जादू काही नाही, नुसता गुणाकार-भागाकार आहे. आपल्याकडच्या जुन्या मागांवर बहुतेक पाच चाकांचा टेक-अप (विणलेलं कापड पुढे ओढणारी यंत्रणा) असतो: रॅचेट (खटक्याने दात-दात सरकणारं चाक) ५० दात, त्याच्याच दांड्यावर चेंज व्हील (कापडाची दाटी बदलायला हेच चाक बदलतात), ते १२० दातांचं स्टड व्हील फिरवतं, स्टड व्हीलला जोडलेला १५ दातांचा पिनियन, आणि तो ७५ दातांचं बीम व्हील फिरवतो. बीम व्हीलबरोबर फिरणाऱ्या, कापड ओढणाऱ्या खरखरीत एमरी रोलरचा घेर १५ इंच. आता उलटं चला. रोलर वाकडा असेल किंवा बीम व्हील मध्यापासून सरकलेलं असेल तर पट्टा दर १५ इंचांनी येईल. पिनियनचा किंवा स्टड व्हीलचा दोष दर ३ इंचांनी. रॅचेटचा किंवा चेंज व्हीलचा दोष चेंज व्हीलच्या दातांना ४० ने भागून येईल तितक्या इंचांनी, म्हणजे ४० दातांचं चाक असेल तर दर १ इंचाला. आणि दर ०.२ इंचाला बारीक शेड दिसत असेल तर बीम व्हील आणि पिनियनचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत, एक तर फार खोल किंवा फार उथळ. अंतराबरोबर पट्ट्याचं रूपही पाहा. एकदम रेघ आली तर दात तुटलाय किंवा मध्ये कचरा अडकलाय. दाट-विरळ अशी हळूहळू बदलणारी लाट आली तर चाक मध्यापासून सरकलंय. तुमच्या मागांवर दात वेगळे असतील तर आधी दात मोजा आणि हाच हिशोब पुन्हा मांडा.

पट्टे ठरावीक अंतराने येत नसतील तर गिअरला हात लावू नका. दोष दुसरीकडे आहे, त्याकडे मी पुढे येतो.

आधी चेंज व्हीलबद्दल, कारण पाच चाकांच्या टेक-अपची खरी मर्यादा तिथे आहे. वर दिलेल्या दातांवरून मागाचा स्थिरांक ५०० येतो, त्यात कापडाच्या आटण्यासाठी दीड टक्का मिळवला की ५०७. या ५०७ ला चेंज व्हीलच्या दातांनी भागलं की पाव इंचातले पिक, म्हणजे आडवे धागे, मिळतात. २५ दातांना इंचाला सुमारे ८१ पिक, २४ दातांना साडेचौऱ्याऐंशी. व्यापाऱ्याने ८३ मागितले तर या मागावर ते येतच नाहीत! मग विणकर उभ्या सुताचा ताण ठरवणारी वजनं वाढवून किंवा कमी करून जुळवून घेतो, आणि तिथून ताण बिघडायला सुरुवात होते. पिकल्स नावाच्या सात चाकांच्या टेक-अपमध्ये ही अडचण नाही. त्यात २४ चं रॅचेट, ३६ चं स्टँडर्ड व्हील, मग चेंज व्हील, २४ चा पिनियन, ८९, १५ आणि ९० अशी साखळी असते. चेंज व्हील इथे चालवणारं नसून चालवलं जाणारं आहे, त्यामुळे जितके दात तितके इंचाला पिक. ८३ हवेत तर ८३ दातांचं चाक लावा. ही मांडणी तुमच्या फ्रेमवर बसवता येते, एका जादा स्टडचं ब्रॅकेट करावं लागतं. तुमचा भाऊ हे ब्रॅकेट स्वतः काढू शकेल, त्याच्या प्रोजेक्टचा विषय म्हणूनही चांगलं आहे.

चाकं नवीन कापून घेताना एक चूक टाळा. ती मी स्वतः केली होती आणि एका माणसाचे दोन माग आठवडाभर बंद ठेवले होते. हे माग विलायती नमुन्याचे, त्यामुळे चाकांच्या दातांचं माप इंची, डायमेट्रल पिचमध्ये (डीपी). आपल्याकडे कटर सहज मिळतात ते मॉड्यूलमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या मापात. ८ डीपी म्हणजे मॉड्यूल ३.१७५. मी ते मॉड्यूल ३ समजून बीम व्हील कापलं. हातात धरून दोन्हींचे दात सारखेच वाटतात. मागावर चढवून पिनियन जवळ सरकवून जुळवलं तर आवाज, आणि दर ०.२ इंचाला शेड. शिवाय जुन्या दातांचा दाबकोन (दाताच्या बाजूचा तिरकेपणा ठरवणारा कोन) बरेचदा साडेचौदा अंश असतो, नवा कटर वीस अंशाचा. जोडीतलं एकच चाक बदलायचं असेल तर दोन्ही गोष्टी जुन्या चाकावर तपासा. पूर्ण जोडी बदलायची असेल तर खुशाल वीस अंशात कापा. फक्त १५ दातांचा पिनियन त्यात मुळाशी थोडा खणला जातो, कारण सतरापेक्षा कमी दात झाले की तसं होतंच. त्याला थोडं धन शिफ्ट द्या (कटर थोडा बाहेर ठेवून कापा) आणि ७५ च्या चाकाला तेवढंच ऋण, म्हणजे दोन केंद्रांमधलं अंतर तेच राहील. अंबड किंवा सातपूरमध्ये हॉबिंग (हॉब नावाच्या कटरने गिअर कापणं) करणाऱ्याला हे सांगितलं की त्याला कळतं, पण सांगावं मात्र लागतं. जुनी ओतीव दातांची चाकं काढून हॉबवर कापलेली चाकं बसवली तरी तुमचे निम्मे बारीक पट्टे जातील असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

नायलॉनची चाकं टेक-अपला चांगली. आवाज कमी, आणि तेल लागत नाही म्हणून कापडावर डाग नाहीत. पावसाळ्यात ती ओल धरून किंचित फुगतात, तेव्हा बसवताना दातांत थोडी जादा मोकळीक ठेवा. पण क्रँक शाफ्टवरून खालच्या शाफ्टला जाणाऱ्या जोडीत नायलॉन घालू नका. तिथे धोटा मारण्याचा धक्का बसतो.

त्या जोडीबद्दल आणखी थोडं, कारण तिकडे कोणी बघत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांना खालचा शाफ्ट एकदाच फिरतो, बरोब्बर १ ला २. त्यामुळे प्रत्येक धक्का क्रँक व्हीलच्या त्याच त्या दोन-तीन दातांवर आणि मोठ्या चाकाच्या समोरासमोरच्या दोन जागांवर बसतो. बाकीचे दात नव्यासारखे राहतात, फक्त हेच झिजतात. लोक अख्खं चाक भंगारात देतात. त्याऐवजी चाकाच्या भोकात जुन्या खाचेपासून ९० अंशावर दुसरी की-वे पाडा आणि चाक तसं फिरवून बसवा. न झिजलेले दात धक्क्याच्या जागी येतात, आणि चाकाच्या दातांना चारने पूर्ण भाग जात असेल तर टायमिंग तेच राहतं. स्लॉटिंग मशीनवर फार वेळ लागत नाही.

आता ठरावीक अंतर नसलेले पट्टे. इथे लिव्हरचा संबंध येतो, आणि माझ्या मते तुमच्या वडिलांचं सर्वात मोठं नुकसान इथेच होत असणार.

ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, बीमवर साखळी गुंडाळलेली असते, ती खालच्या लिव्हरला बांधलेली, लिव्हरवर वजन. बीम घर्षणाने धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बीम भरलेला असताना त्याचा व्यास समजा १८ इंच, संपताना ६ इंच. वजन जागचं हललं नाही तर सुताचा ताण तिप्पट होतो. म्हणून विणकर वजन आत सरकवत जातो. पण कधी सरकवतो? आठवण झाली की, किंवा सूत तटातट तुटायला लागलं की. आणि सरकवलं त्या जागी कापडात फरक दिसतो. विणकराचा यात दोष नाही. एक माणूस अनेक माग सांभाळतो, तो बीमचा व्यास कधी मोजणार?

पहिली सुधारणा फुकट आहे. वजनाचं टेकूपासूनचं अंतर बीमच्या त्रिज्येच्या प्रमाणात राहिलं की ताण सारखा राहतो. ९ इंच त्रिज्येला वजन १८ इंचांवर असेल तर ६ इंच त्रिज्येला १२ वर आणि ३ इंचांना ६ वर. लिव्हरच्या स्वतःच्या वजनामुळे प्रत्यक्षात वजन याहून थोडं आत लागतं, ते पहिल्या बीमवर बघून ठरवा. लिव्हरवर रंगाने खुणा करा, त्याच रंगाच्या खुणा एका लाकडी पट्टीवर करा. पट्टी बीमवर उभी धरली की कोणता रंग चालू आहे ते कळतं. दोन्ही बाजूंची वजनं एकाच रंगावर, आणि एकदम मोठी उडी न मारता थोडं-थोडं सरकवायचं. साखळीला तेल कधीच लावू नका. ती अडकत-सुटत असेल तर ग्रॅफाइटची पूड घाला.

दुसरी सुधारणा तुमच्या भावासाठी. सुतावर टेकणारा एक हलका रूळ बीमखाली बसवायचा, त्याचा हात एका दुव्याने वजनाच्या हुकाला जोडायचा. बीम लहान होत गेला की रूळ वर येतो आणि वजन आपोआप टेकूकडे ओढलं जातं. दुव्याची लांबी कागदावर आधी काढून बघा, वरचं प्रमाण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी जुळलं की बस.

तिसरी म्हणजे सेमी-पॉझिटिव्ह लेट-ऑफ, म्हणजे ताण बघून बीमवरचं सूत सोडणारी यंत्रणा. यात मागचा रूळ तरंगता असतो. ताण वाढला की तो दबतो, लिव्हर रॅचेटला ढकलतो, रॅचेट वर्म (स्क्रूसारखा गिअर) फिरवतो आणि वर्म बीमला नेमकं तेवढंच सूत सोडायला लावतो. वर्म एकाच आट्याचा (सिंगल स्टार्ट) आणि कमी चढाचा घ्या, म्हणजे सुताच्या ओढीने बीम उलट वर्मला फिरवू शकणार नाही. मागाच्या हादऱ्याने तरीही तो कणाकणाने सरकतो, म्हणून वर्मच्या दांड्यावर छोटा ब्रेक हवाच. केंद्र सरकारने २०१७ साली पॉवरटेक्स इंडिया योजना आणली, तिच्यात साध्या मागांना जागेवरच बसवायच्या भागांमध्ये हे लेट-ऑफसुद्धा होतं. आठ मागांवर एकदम करू नका. एका मागावर बसवून दोन बीम काढा, मग ठरवा.

माग थांबून पुन्हा सुरू झाला त्या जागीच पट्टा येत असेल तर तो वेगळा. बाजूचा फोर्क एकाआड एक पिकला आडवा धागा तपासतो, त्यामुळे धोट्यातली सुताची कांडी संपल्यावर माग थांबेपर्यंत दोन-तीन पिक रिकामे जातात आणि टेक-अप मात्र चालू राहतो. तिथे अँटी-क्रॅक (थांबण्याच्या जागी फट पडू न देणारी सोय) लावा: रॅचेटला मागे जाण्यापासून अडकवणारा खटका सरकता ठेवायचा, म्हणजे रॅचेट तेवढे दात मागे येतं. रॅचेटला एकाऐवजी दोन खटके अर्ध्या दाताच्या फरकाने बसवले तर मोकळी चालही निम्मी होते. आणि हात्याच्या (फणी पुढे-मागे हलवणाऱ्या भागाच्या) क्रँक आर्मचे बुश हलवून बघा. तिथे ढिलेपणा असेल तर फणी दर वेळी वेगळ्या जागी ठोकते, वरचं सगळं करूनही पट्टे राहतील.

तुमच्याकडे शुक्रवारी कारखाने बंद असतात. गुरुवारी रात्री माग थांबवताना दोन्ही वह्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी) एका पातळीवर आणून वजनं उचलून ठेवा. दिवसभर ताणात राहिलेलं सूत लांबतं आणि शनिवारी पहिल्या गजातच पट्टा पडतो.

वेग वाढवायचा विचार वडिलांच्या मनात असेल तर तूर्त थांबवा. मिनिटाला पडणारे पिक दहा टक्के वाढवले की धोट्याला द्यावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के वाढते, आणि ती सगळी सोटा (धोटा मारणारा दांडा), बफर (धोट्याचा धक्का झेलणारा भाग) आणि मी वर सांगितलेल्या त्या दोन-तीन दातांवर येते.

येत्या शुक्रवारी सर्वात वाईट कापड देणाऱ्या मागापासून सुरुवात करा. पाचही चाकांचे दात, रोलरचा घेर आणि पट्ट्यांमधलं अंतर इथेच खाली लिहा. चाक कोणतं ते आपण मिळून काढू.