वॉर्डातून कोडकडे येताना
ताई, नर्सिंग सोडून कोडिंगकडे वळायचं म्हणता, पण राजीनाम्याची घाई करू नका. मीही आठ वर्षं वॉर्डात काढली आहेत. नाइट करून आल्यावर कोड डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी सरळ झोपा, सुट्टीला दोन तास बसा. आधी एचटीएमएल-सीएसएस (वेबपानाचा सांगाडा आणि सजावट), मग जावास्क्रिप्ट (पानाला हिशोब, हालचाल करायला लावणारी भाषा). फ्रीकोडकॅम्प या वेबसाइटवर हे सगळं फुकट आहे, क्लासला लाखभर भरू नका.

पहिला प्रोजेक्ट ड्रिप रेटचा, म्हणजे सलाइन मिनिटाला किती थेंब सोडायची ते काढण्याचा करा: 500 मिली सलाइन, 4 तास, मिलीला 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. हे गणित तुम्हाला तोंडपाठ असेल. पण वेळेच्या रकान्यात कुणी शून्य टाकलं तर? जावास्क्रिप्ट चूक दाखवत नाही, ‘इन्फिनिटी’ (अनंत) असं उत्तर देतं! औषध देण्याआधी दोनदा तपासायची तुमची सवय इथे फार कामाला येते.

आणि हो, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण अजिबात चुकवू नका.