अडतीस हजार मैलांची बॉक्स्टर, सव्वा लाख मैलांची होंडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या जाहिराती वाचल्या, फोटो मोठे करून पाहिले. एक २००३ची पोर्शे बॉक्स्टर एस, ३८,००० मैल, चंदेरी, काल शोरूममधून निघाल्यासारखी. दुसरी २००४ची होंडा एस२०००, १,२४,००० मैल, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके, ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलेली. मागितलेली किंमत दोन्हींची जवळपास सारखी. आणि खाली तू लिहितोस, "काका, यात विचार करण्यासारखं आहे तरी काय?"

आहे. इतकं आहे की फोनवर सांगण्यापेक्षा लिहून पाठवतोय, म्हणजे गाडी बघायला जाताना खिशात ठेवता येईल.

आधी त्या ३८,००० विषयी. गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. म्हणजे वर्षाला दोन हजार मैलसुद्धा नाहीत. उरलेला सगळा वेळ ती उभी होती. इंजिनातलं ऑइल काही उभ्या गाडीत ताजं राहत नाही. त्यात ओलावा आणि आम्ल साठतं. सील सुकतात, रबरी होजेस कडक होतात, टायरना भेगा पडतात, बॅटऱ्या मरतात. कोकणातलं कुलूपबंद घर माणसांनी भरलेल्या घरापेक्षा लवकर खचतं, तसंच हे. बरं, तो आकडा खरा आहे याची सरकारी हमीही तुला मिळणार नाही. अमेरिकेत २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना दहा वर्षांनंतर ओडोमीटरची लेखी ग्वाही देण्यातून सूट आहे. तुझ्या दोन्ही गाड्या त्यात मोडतात. विकणारा खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. ज्या आकड्यावर तू एवढा भाळला आहेस, त्याच्यामागे टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाचा टेकू नाही, एवढंच सांगतोय.

आता बॉक्स्टरची खरी गोम. या इंजिनात क्रँकशाफ्टवरून साखळी एका मधल्या शाफ्टकडे जाते आणि तिथून पुढे कॅमशाफ्ट फिरतात. या मधल्या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक बॉलबेअरिंग आहे. पोर्शेवाले त्याला 'आयएमएस' (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजे हाच मधला शाफ्ट) बेअरिंग म्हणतात आणि हे नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर आठ्या पडतात. बेअरिंग सीलबंद. आतलं ग्रीस वर्षानुवर्षांत धुऊन जातं आणि बाहेरचं ऑइल आत नीट पोचत नाही. ते झिजलं की शाफ्ट डगमगतो, साखळ्यांचं टायमिंग सरकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग दुरुस्तीचं बिल नसतं, दुसऱ्या इंजिनाचं बिल असतं, आणि ते या गाडीच्या किमतीच्या आसपास जातं.

सुरुवातीच्या बॉक्स्टरमध्ये हे बेअरिंग दुहेरी ओळीचं होतं. २००० सालाच्या सुमारास एकेरी ओळीचं आलं, ते त्याहून नाजूक. त्यावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यातून एकेरी बेअरिंगच्या बिघाडाचं प्रमाण सुमारे ८ टक्के असा आकडा पुढे आला. तू पाहतोयस ती २००३ची गाडी त्याच एकेरीवाल्यांतली. २००९च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात हा मधला शाफ्टच उरला नाही, पण ती गाडी तुझ्या बजेटबाहेर आहे.

८ टक्के म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव सुखरूप, असं तू म्हणशील. बरोबर. म्हणूनच मी 'बॉक्स्टर घेऊ नकोस' असं म्हणत नाही. पण जाणकार मेकॅनिकांचं या बेअरिंगबद्दलचं मत तुझ्या गृहीतकाच्या बरोबर उलट आहे: नियमित चाललेल्या, ऑइल वेळेवर बदललेल्या गाड्यांत ते जास्त टिकतं आणि उभ्या राहिलेल्या, वर्षानुवर्षं त्याच ऑइलवर ठेवलेल्या गाड्यांत जास्त घात करतं. म्हणजे तुला जे भूषण वाटतंय, त्याचीच मला धास्ती वाटते.

यावर इलाज आहे, आणि तो जाणून घेतलास तर सौदाही करता येईल. हे बेअरिंग फ्लायव्हीलच्या मागे बसतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच बदलतानाही गिअरबॉक्स उतरतोच. म्हणून शहाणे मालक क्लच, मागचं सील आणि सुधारित बेअरिंग एकाच खेपेत उरकतात. स्वतंत्र पोर्शे मेकॅनिककडे हे काम तीन-चार हजार डॉलर सहज घेतं. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: बेअरिंग बदललंय का, कधी, किती मैलांवर, बिल दाखवा. "आधीच्या मालकानं केलं होतं असं ऐकलं" या उत्तराची किंमत शून्य. बिलावर तारीख, मैल आणि गॅरेजचं नाव हवं. ३८,००० मैलांत क्लच संपलेला नसणार, म्हणून हे काम कुणी केलेलंही नसणार, असा माझा अंदाज. म्हणजे ते तुझ्या माथी येणार.

बॉक्स्टरची आणखी दोन ठिकाणं टॉर्च घेऊन बघ. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे रेडिएटर आहेत. तिथे पानं अडकतात, ओली राहून सडतात आणि रेडिएटर कुरतडतात. तुझ्या न्यू जर्सीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किती पानं पडतात ते तू बघतोसच. दुसरं, सॉफ्ट टॉपच्या, म्हणजे कापडी छताच्या कडेच्या निचऱ्याच्या नळ्या. त्या तुंबल्या की पावसाचं पाणी गाडीत उतरतं, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक डबा आहे. तो भिजला की किल्ली असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून सीटखालच्या कार्पेटमध्ये बोटं खुपसून बघ. ओल लागली तर तिथूनच नमस्कार कर आणि परत ये.

इंजिन बघायचं म्हटलं तर बॉक्स्टरमध्ये ते दिसतच नाही. सीटच्या मागे, कार्पेटच्या आणि पत्र्याच्या आड ते दडलेलं आहे. पुढचं बॉनेट उघडलंस तर सामानाची जागा, मागचं उघडलंस तरी सामानाची जागा. मिरवायला मजेशीर, पण मजुरीचे तास तिथूनच वाढतात.

होंडाचं तसं नाही. बॉनेट उघडलं की सगळं समोर. हे इंजिन गोगलगायीसारखं चालवायला बनवलेलंच नाही. २००३पर्यंतच्या २ लिटरच्या गाडीत तांबडी रेषा, म्हणजे इंजिनाच्या वेगाची मर्यादा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास होती. २००४पासून अमेरिकेत २.२ लिटर आलं आणि रेषा ८,०००वर उतरली. त्या बदल्यात खालच्या आरपीएमला जरा जोर मिळाला, जो रोजच्या ट्रॅफिकमध्ये तुला बरा वाटेल. विकणारा "कधी जोरात चालवली नाही" असं अभिमानानं सांगेल. त्यावर हसू नकोस, पण भारावूनही जाऊ नकोस. गरम झाल्यावर वरपर्यंत फिरवलेलं आणि ऑइल भरलेलं ठेवलेलं इंजिन मला जास्त आवडेल.

ऑइल भरलेलं, हे महत्त्वाचं. जोरात चालवली की ही गाडी ऑइल पिते. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघणारा मालक आणि फक्त दिवा पेटायची वाट बघणारा मालक, या दोघांच्या गाड्या सव्वा लाख मैलांवर सारख्या नसतात. गेल्यावर आधी डिपस्टिक बाहेर काढ. पातळी खालच्या खुणेच्या आसपास असेल तर पुढे बोलायला जागाच नाही.

सकाळी थंड इंजिनावर गाडी सुरू करायला सांग. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच कळव, की मी येईपर्यंत चालवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघ. टायमिंग चेनचा टेन्शनर झिजला असेल तर सुरुवातीला पुढून खडखड ऐकू येईल. हे या गाडीचं जुनं दुखणं आहे. घाबरण्यासारखं नाही, पण भाव करण्यासारखं नक्की आहे. एक लाख मैलांपुढे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तपासलेला हवा. बॉक्स्टरमध्ये ते काम नसतं, होंडात असतं. गरम झाल्यावर सगळे गिअर टाकून बघ, विशेषतः पाचव्यातून चौथ्यात येताना. हा गिअर चुकून दुसऱ्यात पडला तर इंजिन तांबड्या रेषेच्या कितीतरी वर जातं आणि कुठलाही लिमिटर ते थांबवू शकत नाही. इथले लोक त्याला 'मनी शिफ्ट' म्हणतात. अर्थ सांगायला नको. २००३पर्यंतच्या होंडांना याचा धोका जास्त होता, तरी तुझ्या गाडीचीही लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून ती किती गळते ते बघणं) करून घे.

इथे बॉक्स्टरचा एक गुण सांगायला हवा, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. तिच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये अशा ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद राहते, आणि इंजिन एकूण किती तास चाललं याचीही. पोर्शेचा स्कॅनर असलेला मेकॅनिक दोन्ही वाचून देतो. मग साधा भागाकार कर. ३८,००० मैल आणि १,२०० तास, म्हणजे सरासरी ताशी ३२ मैल; पटण्यासारखं. पण तास २,५०० निघाले तर सरासरी १५ वर येते. मग एक तर ती गाडी जन्मभर मॅनहॅटनच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, किंवा आकडा वेगळा होता. ओडोमीटरला असा दुसरा साक्षीदार होंडात नाही.

पण होंडाच्या जाहिरातीत एक ओळ होती, जी तू बहुधा वाचलीच नाहीस: "पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या आहेत." माझा कल तिथेच ठरला. ती फाईल मागव. ऑइलच्या पावत्यांवरचे मैल एकामागून एक चढत जातात का, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल बदललंय का, ब्रेक फ्लुइड कधी बदललं, गाडी कुठल्या राज्यात राहिली. हे शेवटचं सोडू नकोस. ओहायो किंवा अपस्टेट न्यूयॉर्कच्या, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या एस२०००चे सस्पेन्शनचे बोल्ट गंजून बसतात, चाकांची अलाइनमेंट करता येत नाही, आणि कापून काढायची मजुरी ऐकलीस तर जेवण जाणार नाही.

टायटल 'क्लीन' आहे ना, म्हणजे त्यावर मोठ्या अपघाताचा शेरा नाही ना, ते बघ. या गाड्या खूप ठोकल्या गेल्यात. २००४च्या एस२०००मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) नाही, ते अमेरिकेत २००६पासून आलं. पावसात, जुन्या टायरवर, वळणावर घाईत ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं पुढे यायला बघतात. तुझी सवय पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोरोलाची आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३६१४ म्हणजे २०१४ सालचा छत्तिसावा आठवडा. तसले टायर असतील तर खोल नक्षी बघून फसू नकोस, चार नवे टायर किमतीत धरून चाल.

पुढच्या काचेवरच्या इन्स्पेक्शनच्या स्टिकरवरही जाऊ नकोस. न्यू जर्सीत २०१०पासून खासगी मोटारींची तपासणी मुख्यतः धुराची राहिली आहे, ब्रेक आणि सस्पेन्शन कुणी बघत नाही. दोन्ही गाड्यांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीनं परत बोलावणं, राहिलंय का तेही तपास; त्या काळातल्या पुष्कळ होंडांवर टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल होतं, आणि ते काम डीलर फुकट करून देतो.

माझा निकाल असा. होंडाची फाईल खरी निघाली आणि लीकडाउन चांगलं आलं, तर होंडा घे. बॉक्स्टरवाल्यानं बेअरिंगचं बिल काढून दाखवलं, तर मात्र ती घे. मग ३८,००० मैलांना अर्थ येईल, आणि गाडी म्हणून ती दोघींत जास्त आरामाची आहे. लांबच्या प्रवासाला तर नक्कीच. बिल नसेल आणि तरी तिच्यावरच जीव जडला असेल, तर कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून माग, आणि विकत घेतल्यावर आधी गॅरेज, मग फिरणं. त्याच वेळी ऑइल फिल्टर कापून आत चकाकणारा चुरा आहे का ते मेकॅनिकला बघू दे. सौदा व्हायच्या आधी तो बघायला मिळाला, तर दुधात साखर.

एक गोष्ट तुझ्या उंचीची. तू सहा फुटांच्या वर आहेस आणि एस२०००चं स्टिअरिंग वर-खालीही होत नाही, पुढे-मागेही नाही. पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर भागवू नकोस, अर्धा तास बसून बघ. गुडघा स्टिअरिंगला लागत असेल तर वर लिहिलेलं सगळं विसर आणि बॉक्स्टरवाल्याशी घासाघीस सुरू कर.

कुठलीही घेतलीस तरी दोन-तीन हजार डॉलर बाजूला ठेव आणि कोरोला विकू नकोस. तपासणीचे पैसे तू दे, मेकॅनिक तू निवड, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. इन्शुरन्सचा आकडा आधी काढ. दोन्ही गाड्यांचे रिपोर्ट आले की मला पाठव, शनिवारी सकाळी मी मोकळा आहे.

तुझा,
काका

ता. क. दोन्ही गाड्या दोन सीटच्या आहेत. उन्हाळ्यात आई-बाबा येतील तेव्हा आई विचारणार, "मी आणि हे बसायचं कुठे?" याचं उत्तर तू तयार ठेव, मला त्यात ओढू नकोस.