एन२ झाली पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, त्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात क्लास करून जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन२ लेव्हल काढली, आता जपानी क्लायंटच्या टीममध्ये टाकलंय, मेल वाचता येतात पण कॉलवर शब्दच फुटत नाही, तर सगळ्यात वरच्या एन१ ची तयारी करू का स्पोकनचा क्लास लावू? एन१ सध्या बाजूला ठेवा. जेएलपीटीच्या कुठल्याच लेव्हलला बोलायची परीक्षा नाहीये, लिहायचीही नाही, सगळं गोल काळे करायचं काम, एन२ ला १८० पैकी ९० ला पास, त्यामुळे एक वाक्य न बोलता माणूस एन१ सुद्धा होऊ शकतो, आणि होतात, मी इथे जपानमध्ये आयटीतच आहे, असे बरेच बघितलेत. सर्टिफिकेट पगारासाठी लागतं तेव्हा जरूर द्या, बोलण्याशी त्याचा फार संबंध लावू नका.

बोलताना अडकायचं मोठं कारण म्हणजे आपण व्हाया इंग्लिश जातो. क्लासच्या पुस्तकातल्या व्याकरणाच्या नोट्स इंग्लिशमध्ये, म्हणून डोक्यात आधी इंग्लिश वाक्य, मग ते उलटं फिरवायचं, तोवर समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. अहो, मराठी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला! 'करून बघतो' म्हणजे शिते मिरु, 'करून ठेवतो' म्हणजे शिते ओकु, 'करून टाकलं' म्हणजे शिते शिमात्ता. 'काल घेतलेलं पुस्तक' हे किनोऽ कात्ता होन, शब्दाला शब्द त्याच क्रमाने. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. थेट मराठीतून जपानीत उडी मारायची सवय लावा, एक-दोन महिन्यात फरक कळेल. अमेरिकेचं सरकार आपल्या अधिकाऱ्यांना जपानी शिकवताना साधारण २२०० तास वर्गाचे धरतं, पण तो हिशोब इंग्लिश बोलणाऱ्यांचा आहे, कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, सोडली तर आपल्याला त्यातलं बरंच फुकट मिळतं.

उच्चारातही आपलं अर्धं काम झालेलं असतं. 'चमचा'तला च येतो त्याला त्सु शिकवावा लागत नाही, किते आणि कित्ते हा फरकही आपल्याला जोडाक्षरांमुळे सहज जमतो. मार खातो ते स्वरांच्या लांबीवर. देवनागरीत ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे वहीत जपानी देवनागरीत लिहिणारे (बरेच जण लिहितात, नाही म्हणू नका) कोको म्हणजे 'इथे' आणि कोऽकोऽ म्हणजे हायस्कूल हे दोन्ही सारखंच लिहितात आणि सारखंच बोलतात. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीरु म्हणजे बिअर, आता इझाकायात, म्हणजे तिथल्या बारमध्ये, जाऊन काय मागाल बघा. तोऽक्योऽ हे चार ठोक्यांचं आहे, तो-ओ-क्यो-ओ, आपण दोनात उरकतो. टाळ्या वाजवत म्हणा, हसू येईल पण उपाय तोच. चढउताराची म्हणजे पिच अ‍ॅक्सेंटची काळजी नंतर, हाशि म्हणजे जेवायच्या काड्या का पूल हे टोकियोत आणि ओसाकात जवळजवळ उलटं आहे तरी त्यांचं एकमेकांशी भागतंच की.

आता आइझुचि, म्हणजे हुंकार देणं, हे क्लासात एका तासात उरकतात आणि खरं बोलणं तिथेच आहे. आपल्याकडे समोरचा बोलत असताना गप्प ऐकणं म्हणजे शिस्त. जपानी माणसाशी फोनवर तसं गप्प राहून बघा, दोन वाक्यांनंतर तो थांबणार आणि 'मोशि मोशि?' विचारणार, त्याला वाटतं लाइन कट झाली. हाइ, एए, सोऽ देस ने, आ सोऽ देस का, हे त्याच्या प्रत्येक श्वासाला पेरत जायचं. आणि हाइ म्हणजे 'हो, मान्य' नव्हे, फक्त 'ऐकतोय'. क्लायंट हाइ हाइ करत होता म्हणून डिझाइन अप्रूव्ह झालं असं धरून बसू नका. नारुहोदो ('अच्छा, असं होय') मात्र साहेबांना किंवा क्लायंटला नको, काहींना ते उद्धट वाटतं.

तसंच वाक्य पूर्ण करायचा अट्टहास सोडा. 'सोरे वा चोत्तो…' ('ते जरा…') म्हणून सोडून दिलं की नकार पोचतो. वाताशि वा, वाताशि वा ('मी, मी') करत प्रत्येक वाक्य सुरू करणं आणि समोरच्याला अनाता ('तुम्ही') म्हणणं हे आपल्या लोकांचं हमखास लक्षण. आडनाव आणि सान, बास.

मीटिंगसाठी तयार तुकडे पाठ करा, तिथे रचत बसायला वेळ नसतो. 'कोनो निन्शिकि दे आत्तेइमास का' म्हणजे मला कळलंय ते बरोबर आहे ना, 'काकुनिन शिमास' म्हणजे बघून सांगतो, 'मोचिकाएरिमास' म्हणजे हे आत्ता इथे नाही, टीमशी बोलून कळवतो. या तिघांवर आयटीतला माणूस पहिलं वर्ष तरून जातो, खोटं नाही सांगत. शब्द सुचेपर्यंत एऽतो म्हणा, 'अ‍ॅक्चुअली' नको, इंग्लिश शब्द पडला की समोरचा पण मोडकंतोडकं इंग्लिश सुरू करतो आणि तुमची प्रॅक्टिस तिथेच संपते.

घरी शॅडोइंग करा. अर्ध्या मिनिटाची क्लिप घ्या, बातम्यांची नको, दोन माणसं गप्पा मारतायत अशी, आणि त्यांच्या अर्धा शब्द मागे राहून बोलत जा, अर्थ कळो न कळो, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही पण ऐका. एकच क्लिप आठवडाभर. पुरुष असाल तर पुरुषाची घ्या, नाहीतर बोलणं बाईंसारखं होतं, आणि अ‍ॅनिमेवरून ओरे-ओमाए हे रांगडं 'मी-तू' उचलू नका, ऑफिसात लोक दचकतात.

ऑनसाइट, म्हणजे इथे जपानला, आलात तर कोन्बिनी, म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान, हा फुकटचा क्लास आहे. जेवणाचा डबा पुढे केला की 'आतातामेमास का' (गरम करून देऊ का), मग पिशवी हवी का (जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे लागतात, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच), मग पॉइंट कार्ड, सगळं एका दमात. पुस्तकातलं 'इइए' (नाही) कोणी म्हणत नाही, 'दाइज्योऽबु देस' (ठीक आहे, नको) म्हणून मोकळं व्हायचं. आणि बऱ्याच नगरपालिकांकडून नाहीतर तिथल्या आंतरराष्ट्रीय संघांकडून स्वयंसेवकांचे निहोंगो क्योऽशित्सु, म्हणजे जपानीचे वर्ग, चालतात, फी अगदी नाममात्र, निवृत्त आजी-आजोबा शिकवायला असतात, गप्पा मारायला एकदम उत्साही.

आता तुमचा स्पोकनचा क्लास. लावा, पण आधी एक विचारून घ्या की तासाभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती मिनिटं बोलणं येतं. वीस जणांची बॅच असेल तर राहू द्या. त्याच पैशात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास कोणी जपानी माणूस ऑनलाइन पकडा, आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगा की चुका मध्ये थांबवून नको, शेवटी लिहून द्या.