चाम इतिहास वाचायला घेताय? मग १४७१ वर थांबू नका

चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनाममधलं चाम लोकांचं जुनं राज्य. १४७१ मध्ये त्याची राजधानी विजया पडली आणि चंपा संपली, असं समजू नका. चाम लोकांचंच दक्षिणेतलं पांडुरंग राज्य (नाव वाचून आपल्याला विठोबा आठवतोच!) १८३२ पर्यंत तग धरून होतं. ते व्हिएतनामच्या मिन्ह मांग बादशहाने गिळलं. वाचनाची खरी सुरुवात तिथून करा. १८३३ मध्ये कातिप सुमातने इस्लामच्या नावाने उठाव केला. पुढच्याच वर्षी जा थाक वा उभा राहिला. त्याने चाम लोकांबरोबर डोंगरातल्या राग्लाई आणि चुरू लोकांनाही सोबत घेतलं. हे दोन उठाव एकच समजू नका, नवखे हमखास तिथेच चुकतात. जा थाक वा याला सुमातचा मार्ग मान्य नव्हता. जमिनी गेल्या, गावं विखुरली, ती वेदना समजायची तर चाम हस्तलिखितांवरचं लेखन आधी वाचा, व्हिएतनामी दरबारी बखरी नंतर.