वेदीवरचा जांभळा कपडा

प्रश्न : डिसेंबरात नागपुरातल्या सदर भागातल्या मैत्रिणीसोबत चर्चला गेले, तर वेदीवर जांभळा कपडा. नाताळच्या रात्री मात्र सगळं पांढरं! आपल्याकडे पांढरं दुःखाचं, मग सणाला कसं? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : ताई, चर्चमध्ये पांढरा म्हणजे प्रकाश, आनंद. म्हणून नाताळला आणि ईस्टरला तोच. तुम्ही आधी पाहिलात तो आगमनकाळ. नाताळपूर्वीचे 4 रविवार, वाट पाहण्याचे नि मन झाडण्याचे. ईस्टरपूर्वीच्या 40 दिवसांच्या उपवासकाळातही जांभळाच. हा रंग एकेकाळी राजालाच परवडायचा. येशूची थट्टा करताना शिपायांनी त्याला जांभळाच झगा घातला, असं बायबलमधल्या शुभवर्तमानात आहे.

माझी आई आमच्या चर्चची वेदीवस्त्रं धुवायची. एकदा लाल नि पांढरं एकाच बादलीत भिजलं, सगळं गुलाबी! फादर हसून म्हणाले, "राहू द्या, वर्षातून दोनदा चालतंय." खरंच, आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा रविवार गुलाबीचा, तपश्चर्येत जरा श्वास घ्यायला.

लाल रंग हुतात्म्यांच्या रक्ताचा आणि पेंटेकॉस्टच्या सणाचा, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा ज्वाळांच्या जिभांसारखा उतरला त्या दिवसाचा. हा सण ईस्टर धरून 50व्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे बहुधा नवतप्याच्या, मेअखेरच्या कडक उन्हाच्या आसपास. नागपुरात त्या आगीचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. मग हिरवा, साधा काळ, थेट आगमनकाळापर्यंत. काही पंथ हे रंग पाळतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक चर्चमध्ये शोधू नका.